कोल्ह्याला दिशा होती का?

नौपाड्यातल्या आमच्या कट्ट्यावर शनिवारी रात्री जो वाद रंगला, त्याचं निमित्त वैशालीताई. ती शाळेत समुपदेशक आहे. ‘दिशा असणं म्हणजे काय’ या विषयावर तिला आठवीच्या मुलांचे दोन तास घ्यायचेत. भाषण द्यायचं नाही, कार्टूनचे तुकडे दाखवून मुलांनाच बोलतं करायचं, एवढं तिचं पक्कं होतं. कुठली कार्टून, इथे घोडं अडलं होतं. मंदार स्टोरीबोर्ड करतो, म्हणजे फिल्मचे प्रसंग आधी चौकटी-चौकटींत काढून दाखवतो. इम्तियाज मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, म्हणजे जहाजाचा मार्ग आखणं हेच त्याचं काम. शेखर गणिताचे क्लास घेतो. चहाचे तीन राउंड झाले तरी कुणी हलेना. बोलणं हवेत विरून जाऊ नये म्हणून इथे मांडतोय.

मंदारने सुरुवातच ठामपणे केली. “रोड रनर दाखव. सुसाट पळणाऱ्या रोड रनर पक्ष्याच्या मागे लागलेल्या त्या कोल्ह्याइतकी पक्की दिशा कुणाचीच नाही. १९४९ पासून एकच ध्यास, तो पक्षी पकडायचा.”

“आणि तेव्हापासून उपाशी,” शेखर म्हणाला. “पक्की दिशा असूनही उपाशीच राहायचं, तर मुलांनी त्यातून घ्यायचं काय? उलट एक गोष्ट सोडून दे, दुसरं काहीतरी खा, हे शिकवायला हवं.”

“चक जोन्सचं म्हणणं हेच होतं,” मंदार म्हणाला. चक जोन्स हा त्या मालिकेचा दिग्दर्शक, आणि मायकेल माल्टीज लेखक. जोन्सने पुढे या कार्टूनचे नियम लिहून ठेवले. कोल्ह्याला बाहेरची कुठलीही शक्ती इजा करणार नाही, फक्त त्याचा स्वतःचा वेंधळेपणा किंवा तो ज्या ॲक्मे कंपनीकडून सामान मागवतो तिचा माल त्याला पाडेल. रोड रनर रस्ता सोडणार नाही. गुरुत्वाकर्षण हा कोल्ह्याचा सगळ्यात मोठा शत्रू. आणि एक नियम असा, की कोल्हा कधीही थांबू शकतो, फक्त तो झपाटलेला नसता तर. झपाटलेला कोण, तर आपण कुठे निघालोय हे विसरून जो जोर दुप्पट करतो तो. ही व्याख्या सांतायाना नावाच्या तत्त्वज्ञाची. हे नियम आधी ठरले होते की मागाहून सुचले यावर दुमत आहे, माल्टीजने तर ते कधी ऐकलेही नव्हते म्हणतात. पण फिल्म बघितल्या की नियम जागोजाग दिसतात.

“म्हणजे त्याला ध्येय आहे, दिशा नाही,” इम्तियाज म्हणाला. त्या वाक्यावर पुढचा अर्धा तास गेला.

शेखरला हा शब्दांचा खेळ वाटला. मग मंदारने जे सांगितलं त्याने मला तरी तो फरक लख्ख दिसला. सहा-सात मिनिटांच्या फिल्ममध्ये कोल्हा एकामागून एक युक्त्या करतो. स्प्रिंगचे बूट, रॉकेट, बर्फ पाडायचं यंत्र. बहुतेक युक्त्या एकदाच वापरतो. फसली की का फसली ते न बघता नवं खोकं उघडतो. एकच युक्ती पुन्हा पुन्हा केल्याचं ठळक उदाहरण १९६३च्या एका फिल्ममध्ये आहे, दगडफेकीच्या भल्यामोठ्या यंत्राचं. दोरी ओढली की दगड उडायला हवा रोड रनरवर, तो पडतो कोल्ह्यावर. पुढच्या वेळी कोल्हा यंत्राच्या मागे उभा राहतो. दगड मागे येतो. मग बाजूला. दगड बाजूला. मग लांब जाऊन. दगड तिथेही. दर वेळी तो आपली उभं राहायची जागा बदलतो, यंत्र काही तपासत नाही. शेवटी कॅमेरा यंत्रावरच्या पाटीवर जातो, तेव्हा कळतं की ते यंत्र रोड रनरच्याच कंपनीने बनवलंय.

“हे दाखव,” वैशालीताईच्या वहीत पहिली नोंद पडली. “मुलं अगदी हेच करतात. गणितात मार्क कमी पडले की क्लास बदलतात, मग गाइड बदलतात, मग अभ्यासाची वेळ बदलतात. पेपरात नेमकं कुठे अडलं, हे उत्तरपत्रिका उघडून कुणी बघत नाही.”

शेखर क्लासवाला, त्याला हे पटायला हरकत नव्हती. पण त्याने कोल्ह्याचाच दाखला उलटा फिरवला. “कोल्हा कड्यावरून पळत पुढे जातो, हवेत. जोवर खाली बघत नाही तोवर पडत नाही. खाली बघितलं की पडला. म्हणजे तपासत बसलं की घात होतो. पळणाऱ्याने पळावं.”

मुद्दा बिनतोड वाटला. मंदारने त्यात भरच घातली. कोल्हा खाली पडताना दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, म्हणजे फिल्ममधली १८ चित्रं, लागतात, आणि त्यानंतर १४ फ्रेमनी जमिनीवरून धुरळा उठतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एकूण सव्वा सेकंदाच्या थोडं वर. जोन्सचं म्हणणं होतं की १३ फ्रेमला हसू येत नाही, १५ला येत नाही, १४ला येतं. “इतकं सगळं मोजून केलेलं आहे,” मंदार म्हणाला, “म्हणजे खाली बघण्याचा तो क्षणही मुद्दाम तिथे ठेवलाय.”

इम्तियाजने चहा खाली ठेवला. “जमीन कधी संपली? खाली बघितलं तेव्हा नाही. चार पावलं आधीच संपली होती. त्याने बघितलं उशिरा, एवढंच. आमच्याकडे याचा सरळ नियम आहे.”

मग त्याने जे सांगितलं ते जवळजवळ शब्दशः देतो, कारण त्या रात्रीचा गाभा माझ्या मते हाच होता.

जहाज निघायच्या आधी पॅसेज प्लॅन करतात. गोदीतून निघाल्यापासून पुढच्या गोदीला लागेपर्यंत. चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, वेपॉइंट टाकतात, म्हणजे कोर्स कुठे बदलायचा त्या जागा. दोन वेपॉइंटमध्ये सरळ रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना किती सरकलं तर चालेल ती हद्द. कुठे अजिबात जायचं नाही तो भाग आडव्या रेघांनी भरून टाकायचा. कुठल्या जागेनंतर मागे फिरता येणार नाही, तीही खूण आधीच. आणि मग प्रवासात ठराविक वेळाने फिक्स घ्यायचा, म्हणजे आत्ता आपण नेमके कुठे आहोत ते चार्टवर टाकायचं. दोन फिक्समध्ये वेळ किती असावा? इतका, की तेवढ्यात जहाज धोक्यापर्यंत पोचूच शकणार नाही. भर समुद्रात तासाने घेतलं तरी भागतं. किनाऱ्याजवळ दहा-पंधरा मिनिटं. बंदराच्या तोंडाशी त्याहून कमी. १२ नॉटने, म्हणजे ताशी १२ सागरी मैलांनी, चाललेलं जहाज १० मिनिटांत २ मैल जातं. खडक दोन मैलांवर असेल आणि तुम्ही पंधरा मिनिटांनी बघणार असाल, तर तुमचा फिक्स खडकावर बसल्यावरच होईल.

“कोल्ह्याचा झाला तसा,” ताई म्हणाली.

“बरोबर. आणि रेघेवर तोंड ठेवलं म्हणजे आपण रेघेवर आहोत असंही नाही. बोट १० नॉटने चाललीय, प्रवाह आडवा २ नॉटचा आहे. तोंड अगदी बरोबर बंदराकडे. पाच तासांनी तुम्ही दहा मैल बाजूला. होकायंत्राने एकदाही चूक केलेली नाही. तोंड कुठे आहे आणि आपण प्रत्यक्षात कुठे चाललोय, या दोन वेगळ्या गोष्टी. प्रवाह धरून नाक साधारण साडेअकरा अंश त्याच्या विरुद्ध वळवून ठेवावं लागतं, तेव्हा कुठे सरळ जाता येतं.”

मी इथे एक प्रश्न घातला, की एखाद-दुसऱ्या अंशाने काय होतं. शेखरने तिथल्या तिथे हिशोब मांडला. एक अंश चूक म्हणजे ६० किलोमीटरला १ किलोमीटर. मुंबई ते नागपूर सरळ रेघेत ७०० किलोमीटरच्या आसपास, तर नागपुरात पोचताना १२ किलोमीटर बाजूला. “पण कल्याणला तपासलं असतं,” तोच पुढे म्हणाला, “तर चूक किलोमीटरभरसुद्धा नसती.” त्याने हे इम्तियाजच्या बाजूने बोलून दाखवलं हे त्याच्याही लक्षात आलं, आणि तो थोडा वेळ गप्प बसला.

ताईने लगेच शाळेचं वर्ष मांडलं. जूनमध्ये शाळा सुरू, सहामाही ऑक्टोबरच्या आसपास. घटक चाचणी गंभीरपणे घेतली नाही तर चार महिने एकही फिक्स नाही. सहामाहीचा निकाल हातात पडतो तेव्हा मूल कड्याच्या बाहेर हवेत असतं. दोष निकालाला देऊन उपयोग नाही.

आता कार्टून बदललं. ताईची स्वतःची पसंती डोरा. २००० साली अमेरिकेत सुरू झालेली, चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीची मालिका. शेखरचं म्हणणं पडलं की आठवीतली मुलं डोरा बघून तोंड वाकडं करतील. ताई हटली नाही. “त्यांनी ती लहानपणी बघितलेली आहे, म्हणून तर समजायला वेळ लागणार नाही. मला गोष्ट नकोय, नकाशा हवाय.” डोरा ही मुलगी दर भागात कुठेतरी जायला निघते, आणि तिचा नकाशा कधीही सगळा प्रदेश दाखवत नाही. तीन ठिकाणं सांगतो. आधी पूल, मग जंगल, मग डोंगर, असं. डोरा ती तीन नावं मोठ्याने म्हणते, बघणाऱ्या मुलांकडून म्हणवून घेते, आणि उत्तरासाठी थांबते. एक ठिकाण मागे पडलं की पुन्हा विचारते, आता पुढचं कुठलं?

“पण तो नकाशा तिला आयता मिळतो,” शेखर म्हणाला. “खऱ्या मुलाकडे कुठे असतो? पुलानंतर जंगल आहे हे त्याला सांगणार कोण?”

हा आक्षेप मला त्या रात्रीचा सगळ्यात रास्त वाटला. ताईनेही तो तसाच मान्य केला आणि मग कामाचं बोलली. मुलाला नकाशा काढायला सांगितला की ते उलटीकडून काढतं. तिसऱ्या चौकटीत ‘डॉक्टर’ किंवा ‘पायलट’ लिहितं, दुसरी चौकट ‘खूप अभ्यास’ आणि पहिली कोरी. म्हणून ती तिसरी चौकट झाकायला लावते आणि पहिलीपासून भरून घेते. पहिलं ठिकाण दोन आठवड्यांच्या आत पोचता येईल असंच हवं. आणि पोचलो की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता आलं पाहिजे. ‘गणित सुधारणे’ हे ठिकाण नाही, तिथे पोचल्याचं कुणालाच कळणार नाही. ‘बैजिक राशींचे अवयव या प्रकरणातली उदाहरणं पुस्तक मिटून सोडवली’ हे ठिकाण आहे. दुसरं ठिकाण पेन्सिलने लिहायचं, कारण पहिल्याला पोचल्यावर ते बदलण्याची शक्यता दाट. तिसरं नुसतं एका शब्दात. मुलाने तीन चौकटी मोठ्याने वाचून दाखवायच्या. वाचताना जे अडखळतं ते त्याचं नसतं, घरातल्या कुणीतरी घातलेलं असतं. ही खूण तिने सांगितली तेव्हा आम्ही चौघंही क्षणभर काही बोललो नाही.

मंदारने त्याच्या धंद्यातली एक गोष्ट जोडली. स्टोरीबोर्डमध्ये पात्र डावीकडून उजवीकडे निघालं असेल तर पुढच्या प्रत्येक चौकटीत त्याने उजवीकडेच जात राहायला हवं. दोन पात्रांमधून एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. चुकून रेघ ओलांडली तर घरातून निघालेला माणूस घरी परत येतोय असं वाटतं. चित्र उत्तम, चाल उत्तम, फक्त दिशा उलटी. आणि रेघ मुद्दाम ओलांडायची असेल तर मध्ये एक असं चित्र टाकावं लागतं ज्यात पात्र वळताना दिसतं किंवा थेट समोरून येतं. “दिशा बदलायला हरकत नाही,” तो म्हणाला, “वळताना दिसलं पाहिजे. चोरून वळलं की बघणारा हरवतो.”

दिशा बदलण्यावरून डोरेमॉन निघाला, आणि इथे शेखर खुलला. त्याला डोरेमॉनची पहिली गोष्ट पाठ आहे. १९६९च्या अखेरीस जपानमध्ये मुलांच्या मासिकांतून ती आली. नोबिता नावाच्या मुलाचा खापरपणतू सेवाशी भविष्यातून येतो आणि सांगतो की तुझा धंदा बुडणार, कंपनी जळणार, आणि तू केलेलं कर्ज आम्ही अजून फेडतोय, म्हणून हा रोबोट, डोरेमॉन, तुझ्यासाठी आणलाय. नोबिता विचारतो, माझं आयुष्य बदललं तर तू जन्माला येशील का? सेवाशीचं उत्तर असं: समज तुला ओसाकाला जायचंय. वाहनं वेगळी असतील, वाटा वेगळ्या असतील, पण दिशा बरोबर असेल तर कशानेही गेलास तरी ओसाका येणारच.

“हे मी मुलांना दाखवीन,” शेखर म्हणाला, “कारण आपल्याकडे एकच गाडी ओसाकाला जाते असं घराघरांत सांगतात. दहावी, मग अकरावी सायन्स, मग सीईटी, मग इंजिनीअरिंग. ती गाडी चुकली की सगळं संपलं.” त्याने बोटांवर मोजून दाखवलं. दहावीनंतर बारावी सायन्स दोन वर्षं, इंजिनीअरिंग चार वर्षं, एकूण सहा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षं, मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, उरली तीन वर्षं, एकूण तीही सहाच. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, त्यावरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथे दोन, पुढे इंजिनीअरिंगची तीन, एकूण सात. एक वर्ष जास्त, पण हातात कसब आधी येतं. अर्थात प्रत्येक जोडावर गुणांची अट आणि मर्यादित जागा आहेत, तिथे घसरायला होतं. डिप्लोमातून आलेल्या मुलांना थेट दुसऱ्या वर्षात गणित जड जातं, कारण अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस त्यांनी वेगळ्या तऱ्हेने केलेलं असतं. मधली उन्हाळ्याची सुट्टी गणितालाच द्यावी लागते. “पण रस्ता आहे. आणि बापाला तो ठाऊकच नसतो.”

ताई म्हणाली, डोरेमॉनमधली दुसरी एक गोष्ट तिला जास्त महत्त्वाची वाटते. डोरेमॉनकडचं ते गुलाबी दार, उघडलं की पाहिजे तिथे पोचवणारं. जगातलं सगळ्यात भारी वाहन. पण दाराला आधी सांगावं लागतं की कुठे जायचंय. मुलांच्या हातात आज मोबाइलमध्ये हजारो व्याख्यानं फुकट आहेत, म्हणजे ते दारच आहे. दारापुढे उभं राहून काय बोलायचं हे सुचत नाही, तिथे मूल अडकतं आणि रील बघत बसतं.

“आणि ती काठी?” शेखर थांबायला तयार नव्हता. डोरेमॉनचीच, हरवलेल्या माणसाचा माग काढायची काठी. जमिनीवर उभी धरून सोडायची, ज्या दिशेला पडेल तिकडे तो माणूस. खात्री ७० टक्के. शेखरने फळा नसताना गणित मांडलं. एकदा टाकली तर दहातल्या तीन वेळा चुकाल. त्याच जागी तीनदा टाकून जिकडे दोनदा पडली तिकडे गेलात, तर खात्री ७८ टक्क्यांवर जाते. पाचदा टाकलीत तर जवळजवळ ८४. “म्हणजे अंधुक माहितीवरसुद्धा दिशा काढता येते, फक्त एकदाच्या उत्तरावर भुलायचं नाही.”

इम्तियाजने इथे हात वर केला. “काठीच एका बाजूला वाकडी असेल तर? शंभरदा टाक, शंभरदा तिकडेच कलणार. म्हणून आम्ही फिक्स दोन वेगळ्या साधनांनी घेतो. जीपीएस काय म्हणतो ते बघायचं, आणि दीपगृहाचा बेअरिंग, म्हणजे ते कुठल्या दिशेला दिसतंय तो कोन, किंवा रडारचं अंतर वेगळं घ्यायचं. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले तर आधी वेग कमी, मग चर्चा.” शेखरने ते मानलं. कोल्ह्याच्या दगडफेकीच्या यंत्राची गोष्ट पुन्हा निघाली, कारण गोची तीच होती. त्याच साधनावर विसंबून त्या साधनाचीच परीक्षा होत नाही. मुलाच्या बाबतीत याचा अर्थ काय, तर ‘मला समजलंय’ हा एक फिक्स, आणि न बघता सोडवलेला जुना पेपर हा दुसरा.

नीमो काढला इम्तियाजनेच. हरवलेल्या पिल्लाला शोधत निघालेल्या माशाचा २००३चा तो सिनेमा त्याला आवडतो, कारण त्यातला पूर्व ऑस्ट्रेलियाचा प्रवाह खरा आहे. किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वाहतो, काही ठिकाणी ताशी ७ किलोमीटरपर्यंत. दक्षिणेला जाणारी जहाजं तो पकडायला बघतात, उत्तरेला येणारी टाळायला. पण त्याला दाखवायचा होता त्याच्या आधीचा प्रसंग. चंदेरी माशांचा थवा डोरी या विसराळू मासोळीला वाट सांगतो आणि बजावतो, की पुढे खोल घळ लागेल, तिच्या आतून जा, वरून नको. नीमोचा बाप मार्लिन तेव्हा रागावून पुढे निघालेला असतो, त्याने हे ऐकलेलंच नाही. घळ येते. आत काळोख, वर स्वच्छ निळं पाणी. डोरीला सूचना आठवते, कारण आठवत नाही. मार्लिन तिला ‘ते बघ काहीतरी चमकतंय’ असं सांगून वरून नेतो, आणि दोघं जेलीफिशच्या रानात सापडतात.

“दोघांचंही चुकलं,” इम्तियाज म्हणाला. “मार्लिनने तिथे राहणाऱ्यांची माहिती डोळ्यांना बरं दिसतंय म्हणून झिडकारली. आणि डोरीकडे नियम होता, पण त्याचं कारण नव्हतं, म्हणून तो तिला टिकवता आला नाही. चार्टवर आम्ही नुसतं ‘इथे जाऊ नये’ लिहीत नाही. शेजारी लिहितो, खडक, पाणी इतके मीटर. पहाटे चारला ड्युटीवर आलेल्या माणसाला कारण दिसलं पाहिजे, नाहीतर तो सोपी वाट धरणार.”

ताई म्हणाली, घरात मुलांना सगळे नियम कारणाशिवाय मिळतात. आर्ट्स घेऊ नकोस. का? नको म्हणजे नको. मग पंधराव्या वर्षी कुणी चमकणारं काहीतरी दाखवलं की तो नियम एका क्षणात गळून पडतो. तिने वहीत लिहिलं: नकाशातल्या प्रत्येक ‘नको’च्या पुढे ‘कारण’ म्हणून एक ओळ.

पोकेमॉनवर फार बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण मंदारने बिल्ल्यांचा हिशोब काढलाच. ॲश दहा वर्षांचा, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांच्या लढती खेळायला १९९७ला निघाला. गावोगावच्या तालमींच्या प्रमुखांना हरवून आठ बिल्ले मिळाले की मोठ्या लीगमध्ये खेळता येतं. म्हणजे त्याच्या वाटेवर ठिकाणं नेमकी होती, डोराच्या नकाशासारखी. पण पहिले बिल्ले बघा. पहिला ब्रॉकने दिला, ॲशने चाललेली लढत थांबवल्यावर, त्याच्या दिलदारपणाकडे बघून. दुसरा सेरुलियनच्या बहिणींनी, संकटातून वाचवलं म्हणून. सॅफ्रनचा मिळाला कारण भुताटकीच्या पोकेमॉनने सब्रिनाला हसवलं. सेलॅडनचा आगीतून ग्लूम या पोकेमॉनला बाहेर काढल्याबद्दल. चांगुलपणाची कमाई, पण लढाईची नाही. आठही बिल्ले छातीवर, आणि लीगच्या पाचव्या फेरीत त्याचा पोकेमॉन चॅरिझार्ड मैदानात आडवा होऊन झोपला. ऐकायलाच तयार नाही. त्याच स्पर्धेत त्याचा प्रतिस्पर्धी गॅरी, त्याच्याकडे तर दहा बिल्ले होते, तो ॲशच्याही आधी बाहेर पडला.

“विकतचा प्रोजेक्ट,” ताई पटकन म्हणाली. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, मार्क पडतात, चौकटीवर बरोबरची खूण होते. ठिकाण आलं असं कागद म्हणतो, मूल मात्र तिथे पोचलेलंच नसतं.

चॅरिझार्ड पुढच्या पर्वात ऐकायला लागला, हेही मंदारने सांगितलं. बर्फाने गारठून पडला होता, ॲशने रात्रभर हातांनी चोळून त्याला ऊब दिली. मोठी प्रांतिक लीग ॲशने जिंकली ती २०१९मध्ये, आणि जगज्जेता झाला २०२२च्या नोव्हेंबरमध्ये. पंचवीस वर्षं. “आठवीच्या मुलाला पंचवीस वर्षं म्हणजे अनंतकाळ,” शेखर म्हणाला, “ते सांगू नकोस.” मला उलट वाटतं की सांगावं. मुलांना वाट लांब असल्याची भीती वाटत नाही, ती किती लांब आहे हे कुणी धड सांगत नाही याची वाटते.

शेवटी शेखर त्याच्या मूळ मुद्द्यावर परतला. दर आठवड्याला तपासायचं म्हणजे रोप उपटून मूळ वाढलंय का ते बघण्यासारखं आहे. त्याने फिनिअस आणि फर्ब या कार्टूनमधल्या दोन भावांचं उदाहरण दिलं. १०४ दिवसांची सुट्टी, रोज सकाळी झाडाखाली बसून ‘आज काय करायचं’ ते ठरवतात, झपाटून बनवतात, संध्याकाळी ते नाहीसं होतं. पुढचं ठिकाण नाही, बिल्ला नाही. “त्या मुलांना दिशा नाही, आणि ती कार्टूनमधली सगळ्यात सुखी मुलं आहेत. मुलाच्या सुट्टीत तरी नकाशा घुसवू नका.”

ताईने यावर वाद घातला नाही. ती म्हणाली, हेही दाखवणार. सुट्टीत मूल आपणहून कशात तासन्‌तास रमतं, ते बघितल्याशिवाय तिसऱ्या चौकटीतला शब्द सापडतच नाही. पण शाळेच्या दिवसांत आठवड्याचा फिक्स हवाच, आणि तो आईबापाने नाही, मुलाने स्वतः घ्यायचा. इम्तियाजने तिची बाजू घेतली. फिक्स घ्यायला जहाज थांबवत नाहीत. दोन मिनिटांचं काम. रोप उपटायचं नाही, सावली कुठे पडलीय तेवढं बघायचं.

दोन तासांची आखणी तिथेच झाली. पहिल्या तासाला दगडफेकीचं यंत्र आणि डोराचा नकाशा, मग वीस मिनिटं चौकटी भरायला. दुसऱ्या तासाला घळ, बिल्ले आणि ओसाका. मंदारने राखून ठेवलेला तुकडा त्याने तेव्हा काढला. १९८०ची एक फिल्म. निमुळत्या होत जाणाऱ्या पाइपांतून पळता पळता कोल्हा आणि रोड रनर दोघंही इवलेसे होतात. परत उलट येताना रोड रनर पूर्ववत मोठा होतो, कोल्हा मात्र तेवढाच राहतो. आणि नेमका तेव्हा कोल्हा त्याला पकडतो. पाय धरलाय, वर बघतो, पक्षी डोंगराएवढा. मग तो आपल्याकडे वळून पाटी दाखवतो: मी त्याला पकडावं असं तुम्हाला कायम वाटत होतं ना. आणि दुसरी पाटी: आता मी काय करू?

“हा पहिल्या तासाच्या शेवटी,” ताई म्हणाली. “पाटी दिसली की पडदा बंद. उत्तर दुसऱ्या तासाला त्यांनीच द्यायचं.”

टपरीवाल्याने बाक उचलायला सुरुवात केली होती. ताईने वहीच्या खाली मोठ्या अक्षरात ‘फिक्स: दर शनिवारी’ लिहिलं. शेखरने तिच्या हातातून पेन घेतलं आणि पुढे जोडलं, ‘फक्त १० मिनिटं, आणि दिवाळीच्या सुट्टीत नाही.’